लाउडर, प्लीज

मल्हारगंज, इंदूर
१० फेब्रुवारी

आई,

'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आली सांगलीची शुद्ध मराठी. 'प्रिय' लिहिलं तर मोठ्या सूनबाई, सोनलवहिनी, वाचून हसतील. मायन्यापायी दोन कागद फाडले, म्हणून आता नुसतं 'आई'.

फोन करून मी थकले. तुम्ही उचलता, "सब ठीक आहे बेटा, ठेवते" म्हणता, आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून देता. परेशचा, पोटच्या मुलाचा, तर उचलतही नाही. थोरल्या श्रीरामदादांना विचारलं तर ते म्हणतात, "आईला आराम करू दे." आराम म्हणजे काय, ते मला कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. एकाच शहरात मल्हारगंजातून राजेंद्र नगरला सुनेनं सासूला पत्र लिहायचं, हे ऐकून टपालखातंही हसेल, तेव्हा त्यांना त्रास देत नाही. तुमच्या भजनी मंडळातल्या इंदुमतीकाकू लेकीकडे तिकडे येतातच, त्यांच्या हाती डबा पाठवते आहे. वर थालीपीठं, खाली पत्र. तेलाचे डाग पडले असतील तर समजून घ्या.

"चार-आठ दिवस श्रीरामकडे जाऊन येते" म्हणून तुम्ही निघालात. मी पण मूर्ख, बॅग जड का आहे हे विचारलं नाही. उलट रिक्षात ठेवायला मदत केली. परवा कपाट उघडलं तेव्हा कळलं, तुम्ही उन्हाळ्याच्या सुती साड्याही नेल्यात. फेब्रुवारीत! चार-आठ दिवसांत कुठला उन्हाळा येणार होता राजेंद्र नगरला?

काय झालं, आई? मी रोज एक कारण शोधते आणि संध्याकाळपर्यंत टाकून देते. आजचं कारण पोहे. मी म्हटलं होतं ना, की सांगलीला पोहे फोडणीत नीट परततात, इथल्यासारखे नुसते वाफेवर ठेवत नाहीत. तुम्ही म्हणालात, "तो फिर सांगलीचेच खा ना, कोण मना करतंय!" मला वाटलं, नेहमीचं आपलं. लग्न होऊन इथे आल्यापासून आपण दोघी पोह्यांवर भांडतो आहोत आणि भांडून झाल्यावर एकाच कढईतले खातो आहोत. त्यावरून कुणी घर सोडतं का?

बाकी सगळं आहे तसंच आहे. खालचा पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना सकाळपासून ठणठण करतो. परेशच्या ऑफिसचं एक काम निघालंय, त्याला महिनाअखेरीला उत्तर द्यायचं आहे. ते तुम्ही आल्यावर निवांत सांगू, काळजीचं नाही. दुपारची इंग्रजीची बॅच चालू आहे. बायका रोज विचारतात, "शैलजाताई कधी येणार?" बॅच तुम्हीच गोळा केलेली, भजनी मंडळातून एकेकीला ओढून. "माझी सून शिकवते, फुकट चहा पण देते," असं सांगून. आता चहा मीच करते आणि तो पांचट होतो, असं सर्वांचं मत आहे.

या ना आता.

ऋजुता


१४ फेब्रुवारी

आई,

डबा मिळाला. आत साखर होती. रिकामा डबा परत करायचा नाही, ही तुमची पद्धत तुम्ही रागातही मोडली नाहीत, त्यामुळे मला थोडा धीर आला. पण चिठ्ठी नव्हती. मी साखर ताटात ओतून पाहिली, खरंच सांगते.

पोह्यांचं कारण मी रद्द केलंय. इंदुमतीकाकूंना विचारलं, "आई पोह्यांवरून रागावल्यात का हो?" तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच विषय बदलला. त्यांना काहीतरी माहीत आहे. पण त्यांच्या पोटातलं काढणं म्हणजे बंद दुकानाचं शटर नखांनी उचलणं.

मग मला वाटलं, वर्गातलं काही लागलं असेल. तुम्ही जायच्या आदल्या दिवशीचा वर्ग. तो मी मनात पुन्हा पुन्हा घेऊन पाहते. त्या दिवशी तुलना शिकवत होते: हे त्याच्यापेक्षा मोठं, हे सगळ्यांत मोठं. तुम्हाला माझी पद्धत ठाऊकच आहे. फळ्यावर नियम लिहायचे नाहीत. मधोमध खुर्ची ठेवायची, एकीनं तिथे बसायचं, दोन गोष्टींची तुलना तोंडानं बोलून दाखवायची, आणि वाक्य खरं असायला हवं. खोटं वाक्य पाठ होतं, बोलता मात्र फक्त खरं वाक्यच येतं, असं माझं मत. वाक्य पूर्ण झालं की सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवायच्या, मी "व्हेरी गुड, नेक्स्ट" म्हणायचं. आणि खालची ठणठण चालू असते म्हणून दर दुसऱ्या वाक्याला "लाउडर, प्लीज" म्हणायचं. ते तर मला आता झोपेतही सुटतं, असं परेश सांगतो.

त्या दिवशी विषय होता, दोन जागा. प्रीतीनं सुरुवात केली, "इंदूर इज द क्लीनेस्ट सिटी," आणि मी तिला थांबवलं. माझ्या वर्गात या वाक्याला बंदी आहे, कारण या शहरात ज्याला इंग्रजीचा ओ की ठो येत नाही त्यालाही हे एक वाक्य येतं. सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, मी पाहिलं. मग तुमची पाळी आली. तुम्ही खुर्चीत बसलात, पदर सारखा केलात आणि अगदी हळू म्हणालात, "राजेंद्र नगर इज मोर कम्फर्टेबल दॅन मल्हारगंज."

मी म्हटलं, "लाउडर, आई. लाउडर, प्लीज."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मोठ्यानं म्हणालात. आणि मी न विचारता पुढचंही म्हणालात, "आय विल बी हॅपिअर देअर."

आई, काय वाक्यं होती ती! एक अडखळ नाही. गेल्या पावसाळ्यात "माय नेम इज" म्हणताना घाम फुटणारी बाई! मला इतका अभिमान वाटला की टाळ्या मीच सर्वांत आधी वाजवल्या. तुम्ही गेल्यावरही मी ती दोन वाक्यं बॅचला रोज उदाहरण म्हणून देते. फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवली आहेत, खाली 'शैलजाताई' असं नाव घालून.

फक्त एक आता आठवतंय. इंदुमतीकाकूंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, त्यांचा खांदा दुखत असेल.

मोठ्यानं बोलायला लावलं याचा राग आला का? चारचौघींत मी सुनेसारखी न वागता मास्तरणीसारखी वागले म्हणून? तसं असेल तर मला तोंडावर रागवा. तुम्ही रागवलात तर मला समजतं. तुमचं गप्प राहणं मला वाचता येत नाही.

गाजराचा हलवा पाठवते आहे. साखर तुमचीच वापरली.

ऋजुता


१८ फेब्रुवारी

आई,

डब्यात पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण होतं. ताजं कुटलेलं. घरातली बरणी संपत आली असेल हे तुम्हाला तिथे बसून कळलं, आणि घरात माझा जीव टांगणीला लागलाय, हे कळत नाही?

आज भांडायचं ठरवून बसले आहे, तेव्हा सरळ सांगते. काल मी राजेंद्र नगरला आले होते. दुपारच्या बॅचला डोकं दुखतं सांगितलं आणि रिक्षा केली. बागेच्या कोपऱ्यावर तुम्ही दिसलात. बाकावर बसून कुणा बाईंशी बोलत होतात आणि हसत होतात. सोनलवहिनींनी बाटलीतून पाणी आणून दिलं, तुम्ही त्यांच्या गालावरून हात फिरवला. माझ्या गालावरून तुम्ही कधी हात फिरवला, ते मी रिक्षात बसून आठवत होते. मला आठवलं नाही. खरं तर मी तेवढी एका जागी थांबतच नाही. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उतरना हे के नी?" मी म्हटलं, "नी, वापस चलो भिया." तो वाटभर आरशातून माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन दूध ठेवलं आणि करपवलं. तुम्ही तिथे जास्त सुखात आहात, असं मला त्या बाकाकडे बघून वाटलं. मग मला आनंद व्हायला हवा होता, कारण तुम्ही स्वतःच तसं म्हणाला होतात, खुर्चीत बसून, सगळ्यांसमोर. तो झाला नाही. मला असा संताप आला की मी फळ्याच्या कोपऱ्यातली तुमची वाक्यं पुसून टाकली. संध्याकाळी पुन्हा लिहिली.

आता लपवत नाही. परेशच्या ऑफिसचं ते 'काम' म्हणजे पुण्याची बदली आहे. मोठी जागा, पगार जास्त. अठ्ठावीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मी इथे आल्या दिवसापासून ज्याची वाट पाहत होते तेच समोर आलंय. सांगली तिथून किती जवळ! माझ्या आईला मी फोन केला तर ती रडलीच आनंदानं. आणि मी? मी घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते. परेश म्हणतो, "तुलाच तर हवं होतं." मी म्हणते, "हो, हवं होतं ना." आणि पुन्हा दुसऱ्या खोलीत जाते. तुम्ही इथे असतात तर "क्यों चक्कर लगावते आहेस, बस ना एक जगह" म्हणून मला बसवलं असतंत.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण नक्की काही नव्हतं. उगाच तुमच्या जिवाला घोर नको, म्हणून जेवताना आम्ही दोघं त्यावर बोलायचो तेही इंग्रजीतच. नक्की ठरलं की मग तुमच्याजवळ बसून सगळं नीट सांगायचं, असं आमचं होतं. त्याआधीच तुम्ही निघून गेलात. आता मला असं वाटतं, तुम्ही घरी नसताना 'हो' म्हटलं तर ते चोरून केल्यासारखं होईल, आणि 'नाही' म्हटलं तर कशासाठी, तुम्ही तर तिथे हसताय.

तुम्ही परत येणार आहात की नाही, एवढं कळवा. बाकी नंतर बघू.

डब्यात आज काही करायला सुचलं नाही. नुसते दाणे भाजून घातले आहेत. सांगलीच्या पद्धतीनं.

ऋजुता


२२ फेब्रुवारी

आई,

डबा रिकामा आला.

मी झाकण उघडलं, आत काही नाही. धुऊन, पुसून, कोरडा. मी इंदुमतीकाकूंना दारातच धरलं. म्हटलं, "काकू, आज मी तुम्हाला जाऊ देणार नाही. आई कधी कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या भांडखोर बाबूरावांचाही करत नाहीत. काय झालंय ते सांगा." त्या जिन्यावरच बसल्या. खाली ठणठण चालली होती, त्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि अशी गोष्ट मोठ्यानं बोलायची त्यांना लाज वाटत होती.

म्हणाल्या, "बेटा, तुझं पत्र वाचून शैलजा एकच बोलली. बोलली, मुलांना वाटतं मी अजून पहिल्याच धड्यात आहे."

मला आधी कळलंच नाही. मी खुळ्यासारखी म्हटलं, "नाही हो, त्या तर वर्गात सगळ्यांत पुढे आहेत." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हां ना. वोच तर."

मग कळलं. 

आई, त्या वर्गाच्या आदल्या रात्रीचं ते जेवण मला आता शब्दन्‌शब्द आठवतंय. तुम्ही नेहमीच्या जागी बसला होतात, भिंतीला पाठ लावून. परेश म्हणाला, पुणे आपल्यासाठी बेटर आहे. मी म्हटलं, आणि आई? तो म्हणाला, राजेंद्र नगर इज मोर कम्फर्टेबल फॉर हर, तळमजला आहे, बाग आहे, जिना नाही, ठणठण नाही. आणि मी, आई, मी भाताचं भांडं पुढे ओढत म्हटलं, "येस, शी विल बी हॅपिअर देअर." मग तुमच्याकडे वळून मराठीत विचारलं, "आई, वरण वाढू?" तुम्ही ताटात बघत होतात. म्हणालात, "थोडं."

गेल्या पावसाळ्यापासून रोज दुपारी मी तुम्हाला हेच तर शिकवत होते. मोर, बेटर, हॅपिअर. आणि रोज रात्री जेवताना मी ते विसरत होते. आपण शिकवलेलं कुणाला येतं, यावर ज्या मास्तरणीचा स्वतःचाच विश्वास नाही, तिनं काय शिकवावं? मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

तुम्ही दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून आमचीच वाक्यं आम्हाला परत दिलीत. हळू म्हणालात. ती बॅचसाठी नव्हतीच, मला एकटीला ऐकू यावीत अशी होती. आणि मी म्हटलं, लाउडर, प्लीज. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा वाट बघत होतात ना, की माझ्या डोक्यात प्रकाश पडेल? मी टाळ्या वाजवल्या. व्हेरी गुड म्हटलं. नेक्स्ट म्हटलं. वर ती वाक्यं फळ्यावर लिहून ठेवली आणि तुम्हाला कौतुकानं कळवलीही. त्या पत्राच्या डब्यात तुम्ही जिरावण भरून पाठवलंत, याचा आता मला अर्थच लागत नाही. आणि त्यानंतर मी लिहिलं, इंग्रजीत बोलायचो म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको! त्यावर रिकामा डबा आला, हे योग्यच झालं.

हे सगळं कबूल. पण आता माझंही ऐका, कारण मला रागही आलाय आणि तो मी गिळणार नाही. तुम्ही तिथल्या तिथे का बोलला नाहीत? ताट सरकवून, "मला सगळं समजतंय हां, परेश," एवढं म्हणायला काय झालं होतं? मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, इंग्रजीत म्हणा! बोलायला शिकवते मी, आई. बोलायला! आणि माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी गुपचूप बॅग भरून निघून जाते, आणि ती बॅग मीच उचलून रिक्षात ठेवते. हे तुम्हीही बरोबर केलं नाही. आम्ही तुमच्याविषयी तुमच्यासमोर बोललो आणि तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही पण आम्हाला विचारलं नाही, परस्पर ठरवून मोकळ्या झालात. शेवटी परेश तुमचाच मुलगा आहे, हे कुठून आलं ते दिसतंय.

परेशला सांगितलं.  तो म्हणाला, "मी तर आईच्या भल्याचंच बोलत होतो." मी म्हटलं, "भलं कशात आहे हे त्यांना विचारलं होतंस?" तो म्हणाला, "तू विचारलं होतंस?" 

आज बॅच घेतली नाही. बायका आल्या, मी चहा दिला आणि घरी पाठवलं. प्रीतीनं जाताना फळा पुसला. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तरी पुसला.

हे पत्र डब्याशिवाय पाठवते आहे.

ऋजुता


राजेंद्र नगर
२५ फेब्रुवारी

आई,

हे पत्र तुमच्या दाराबाहेर बसून लिहिते आहे. सोनलवहिनींनी त्यांच्या मुलीच्या वहीतला कागद दिला. त्यांनी चहाही दिला आणि काही विचारलं नाही. मी त्यांच्याविषयी मनात जे जे आणलं होतं त्याबद्दल त्यांची मनातच माफी मागितली.

मी आले ते तुम्ही ऐकलंत. खोलीत गेलात आणि दार लोटून घेतलंत. कडी लावली नाहीत, हे मला दिसतंय.

रस्त्यात ठरवून आले होते की काय काय बोलायचं. परेश ऑफिसातून थेट इकडे येतोय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. मी त्याला म्हटलं, यावेळी उत्तर आपल्या दोघांत नाही, आधी आईंना विचारायचं. तो म्हणाला, "आणि आई म्हणाली की तिला इथेच राहायचंय, श्रीरामकडे, तर?"  मी म्हटलं, तर मला वाईट वाटेल, आणि ते मी त्यांना सांगेन, आणि त्यांचं उरलेलं सामान आणून देईन.

येताना रिक्षात मी एकच हिशोब मांडत होते. घरात मी तुम्हाला काय काय विचारते? गोळी घेतली का, गॅस बंद केला का, पेन्शनचा कागद कुठे ठेवला. आणि उत्तर यायच्या आत मी पुढच्या खोलीत गेलेली असते. फक्त दुपारी, वर्गात, मी तुमच्यासमोर उभी राहते, "आई, युवर टर्न" म्हणते आणि तुम्ही बोलेपर्यंत थांबते. तुम्हाला या वयात इंग्रजी कशाला हवं, असं मी परेशला हसून विचारायची. आता नाही विचारणार.

तर मघाशी मी तुमच्या दाराशी उभी राहिले आणि प्रश्न विचारला. श्रीरामदादा बाहेर पेपर वाचत होते, वहिनी ओट्याशी होत्या, म्हणून हळूच विचारला. आतून काही आवाज आला नाही. मला वाटलं, संपलं. मी वळले, पर्स उचलली.

आणि तुम्ही आतून म्हणालात, "लाउडर, प्लीज."

अगदी माझ्या आवाजात. तीच पट्टी, तोच तुटकपणा. श्रीरामदादांचा पेपर खाली आला. वहिनी ओट्यापाशी हसल्या. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि मग आवाजच फुटेना. रोज दुपारी बायकांना मोठ्यानं बोला म्हणून सांगणारी मी, तुमच्या दारात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून खाली बसून हे लिहिते आहे. हा कागद दाराखालून सरकवणार आणि मग उठून तोच प्रश्न मोठ्यानं विचारणार, बागेतल्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वाचून होईपर्यंत माझा आवाज परत येईल.

प्रश्न मराठीत आहे आणि त्यात तुलना नाही. आई, तुम्हाला कुठे राहायचं आहे?

मल्हारगंज म्हणा, राजेंद्र नगर म्हणा, पुणे म्हणा. आमच्याबरोबर म्हणा किंवा आमच्याशिवाय म्हणा. चहा गार झाला तरी मी थांबेन. व्हेरी गुड म्हणणार नाही आणि नेक्स्ट तर नाहीच नाही.

उत्तर तुम्ही हळू दिलंत तरी चालेल. मी दाराशीच आहे.

ऋजुता